पेढे न आणणाऱ्यांचा हिशेब

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचे नियमन करणारा २०२१ चा केंद्रीय कायदा २५ जानेवारी २०२२ रोजी अमलात आला. मूल होण्यासाठी वैद्यकीय साहाय्य देणाऱ्या केंद्रांनी नोंदणी करावी, येणाऱ्या जोडप्याला यशाची शक्यता, धोके आणि खर्च यांची आगाऊ कल्पना द्यावी, समुपदेशन करावे, गाऱ्हाणी ऐकण्यासाठी कक्ष ठेवावा, अशी बंधने त्याने घातली. स्त्रीबीज देणाऱ्या स्त्रीने ते आयुष्यात एकदाच द्यावे, यासारख्या तरतुदींमुळे एका ओंगळ बाजाराला काही लगाम बसेल अशी आशा आहे. ज्या क्षेत्रात पस्तीस वर्षे ज्याचा त्याचा विवेक हाच कायदा होता, तेथे एवढे झाले हेही थोडे नव्हे.

या केंद्रांत काम करणारी मंडळी स्वतःच्या सेवेविषयी काय मत बाळगतात, आणि ते मत कशाच्या आधारावर बनलेले असते, हा प्रश्न मात्र आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाही. प्रश्न वरवर निरुपद्रवी वाटतो. वस्तुतः उपचारांची गुणवत्ता, त्यावर होणारा खर्च आणि त्यातून होणारा मनस्ताप या साऱ्यांचे मूळ बऱ्याच अंशी त्याच्या उत्तरात आहे.

प्रस्तुत लेखक या विषयाकडे तटस्थपणे पाहत असल्याचा आव आणू इच्छित नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयतांनी घाटावरच्या एका शहरात तीन वर्षे हे उपचार घेतले. शिवाय वीस वर्षे अर्थशास्त्र शिकविल्यावर माजी विद्यार्थी कोठे ना कोठे भेटतातच. वाणिज्य शाखेच्या काही विद्यार्थिनी अशा केंद्रांत स्वागतकक्षात वा हिशेबाच्या टेबलावर आहेत, दोघी परिचारिका झाल्या आहेत. सुटीत गावी आल्या की भेटतात, मोकळेपणाने बोलतात. त्यांचे बोलणे हे सर्वेक्षण नव्हे, याची मला जाणीव आहे. परंतु त्यात जे वारंवार आढळले ते दुर्लक्षिण्याजोगे वाटले नाही.

आपण रुग्णांशी चांगले वागतो, असे या साऱ्याजणींना मनापासून वाटते. येणाऱ्या प्रत्येकीला आम्ही ताई म्हणतो, फोन उचलतो, रडू लागली तर जवळ बसतो, पाणी देतो, असे त्या सांगतात. यात खोटे काही नाही. एवढ्या जिव्हाळ्याने आपल्या सरकारी कचेरीत कोणी बसायलाही सांगत नाही. आणि या समाधानाचा पुरावा म्हणून सगळ्याजणी एकाच वस्तूकडे बोट दाखवितात: पेढ्यांच्या पुड्याकडे. मूल झालेली जोडपी पुन्हा येतात, पेढे देतात, बाळाला टेबलावर बसवून छायाचित्र काढतात, ते छायाचित्र प्रतीक्षाकक्षाच्या भिंतीवर लागते. वर्षानुवर्षे त्या भिंतीखाली काम करणाऱ्याला आपली सेवा रुग्णकेंद्री आहे असे वाटले नाही तरच नवल.

रुग्णकेंद्री सेवा हा शब्दप्रयोग आता केंद्रांच्या जाहिरातींतही दिसतो, म्हणून त्याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. १९९३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथाने रुग्णालयाकडे रुग्णाच्या नजरेतून पाहण्याची कल्पना रूढ केली. पुढे नेदरलँड्स व बेल्जियममधील संशोधकांनी ती वंध्यत्वाच्या उपचारांना लावून तिची अंगे निश्चित केली: माहिती मिळणे, निर्णयात सहभाग असणे, खाजगीपणा जपला जाणे, एकाच डॉक्टरकडे सलग उपचार होणे, केंद्र आवाक्यात असणे, मानसिक आधार, आणि कर्मचाऱ्यांची वागणूक. म्हणजे गोड बोलणे हे अनेक अंगांपैकी एक. आपल्याकडील केंद्रांत या एका अंगालाच संपूर्ण शरीर समजण्याची चूक होते.

याच संशोधकांपैकी काहींनी २०११ मध्ये ‘ह्यूमन रिप्रॉडक्शन’ या नियतकालिकात एक उद्बोधक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी रुग्णांना आणि डॉक्टरांना काल्पनिक केंद्रांच्या जोड्या दिल्या. एका केंद्रात गर्भधारणेचे प्रमाण अधिक, दुसऱ्यात ते कमी परंतु डॉक्टरांची वागणूक, माहिती, सातत्य चांगले. कोणते निवडाल? अर्थशास्त्रात वस्तूची किंमत तिच्यासाठी माणूस दुसरे काय सोडायला तयार आहे यावरून काढतात. तीच ही रीत. उत्तर असे निघाले की, चांगल्या वागणुकीसाठी रुग्ण यशाच्या शक्यतेचा काही हिस्सा सोडायला तयार होते, आणि रुग्ण या गोष्टीला किती महत्त्व देतात याचा डॉक्टरांचा अंदाज बराच कमी होता. ही दरी अशा देशांतली, जेथे या उपचारांचा मोठा भार सार्वजनिक विमाव्यवस्था उचलते. जेथे माणूस एका आवर्तनासाठी दीड-दोन लाख रुपये पदरचे, पुष्कळदा कर्जाऊ, मोजतो, तेथे तो तोंड उघडून बोलण्याची शक्यता किती?

अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये लिहिलेल्या छोटेखानी ग्रंथात असमाधानी ग्राहकापुढे दोन वाटा असतात असे दाखविले होते: तक्रार करणे किंवा निघून जाणे. जेथे निघून जाणे सोपे आणि तक्रार करणे कठीण, तेथे संस्थेला आपले दोष कळतच नाहीत, कारण ते ज्यांना जाणवले ती माणसे केव्हाच गेलेली असतात. वंध्यत्वाच्या उपचारांना हे विवेचन जितके लागू पडते तितके क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल. उपचार चालू असताना जोडपे तक्रार करीत नाही, कारण ज्यांच्या हाती आपला गर्भ आहे त्यांना कोण दुखविणार? अभिप्रायाची पत्रिका भरावयाची ती बिलाच्या टेबलावर, त्याच ताईंच्या देखत. आणि उपचार फसल्यावर तक्रारीला कोणी परत येत नाही. पैसा गेलेला असतो, मन खचलेले असते, आणि मुळात आपण येथे येत होतो हेच शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून लपविलेले असते. कायद्याने ठेवलेला तक्रार कक्ष या माणसाची वाट पाहत बसेल. तो येणार नाही.

येथे एक साधी गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. या उपचाराच्या एका आवर्तनात यशापेक्षा अपयशाची शक्यता अधिक असते. स्त्रीचे वय चाळिशीकडे झुकले की ती आणखी वाढते. यात कोणाचा दोष नाही, ते शरीराचे शास्त्र आहे. पण त्याचा अर्थ असा की, केंद्रातून रिकाम्या हाताने जाणारी माणसे हा अपवाद नव्हे. आणि नेमकी तीच भिंतीवर नाहीत, पेढे घेऊन येत नाहीत, कर्मचाऱ्यांच्या आठवणीत फार काळ राहत नाहीत. रजिस्टरात त्यांच्या नावापुढे ‘पुढे आले नाहीत’ एवढीच नोंद असते. एका माजी विद्यार्थिनीला मी विचारले, की ती का आली नाहीत? तिने निरागसपणे सांगितले की, काही लोक निष्काळजी असतात, त्यांना तारखांचे महत्त्व कळत नाही.

हा निष्काळजीपणा कसा असतो ते मालगुंडहून पाहिले म्हणजे कळते. केशवसुतांचे जन्मगाव आणि त्यांचे स्मारक म्हणून महाराष्ट्राला ठाऊक असलेले हे गाव गणपतीपुळ्याला लागून आहे. येथून आरे-वारेच्या किनारी रस्त्याने रत्नागिरी गाठायची, आणि पुढे घाटावर जायचे तर आंबा घाटाने कोल्हापूर. रत्नागिरीपासून तेच सव्वाशे किलोमीटरहून अधिक आहे. उपचारात दहा-बारा दिवस रोज इंजेक्शने असतात, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी असते. यांतील काही औषधे थंड ठेवावी लागतात. बर्फ घातलेला थर्मास मांडीवर घेऊन एसटीत बसलेली स्त्री तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे, ती माझी पत्नी होती. स्त्रीबीज काढण्याआधी सुमारे ३५ तास एक शेवटचे इंजेक्शन घ्यावे लागते आणि त्याची वेळ चुकवून चालत नाही. केंद्राच्या कागदावर ती एक ओळ असते: रात्री बरोबर अमुक वाजता. पण पावसाळ्यात मालगुंडात दिवे गेलेले, फ्रिज बंद, आणि इंजेक्शन टोचणारे माणूस रात्री कोठून आणायचे? आरोग्य केंद्रातील परिचारिकेच्या दारात जावे तर उद्या गावभर बोभाटा. ही ओळ लिहिणाऱ्या ताईंच्या मनात यातले काही आलेले नसते. त्या दुष्ट नसतात, त्यांनी मालगुंडची रात्र पाहिलेली नसते इतकेच.

आणखी एक बाब या जिल्ह्याची म्हणून सांगण्याजोगी आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या, आणि आधीच्या दशकाच्या तुलनेत जिल्ह्याची एकूण लोकसंख्याच घटली होती. याचे कारण सर्वांना माहीत आहे. पुरुष मुंबईला, स्त्री गावी, ही आमची जुनी अर्थव्यवस्था. नवरा गणपतीला आणि शिमग्याला येतो. लग्नाला पाच वर्षे होऊन मूल नाही याचा पहिला खुलासा वैद्यकशास्त्रात नव्हे, कधीकधी रेल्वेच्या वेळापत्रकात शोधावा लागतो. उपचार घ्यायचे तर ठरलेल्या दिवशी दोघे एका गावात हवेत, आणि कारखान्यातील वा दुकानातील नोकराला अशी रजा मिळत नाही. घरचा पैसाही बारमाही नसतो. ज्याच्याकडे आंब्याची चार कलमे आहेत त्याच्या हाती रक्कम येते ती मे महिन्यात, आणि तीही मोहोर टिकला तर. पहिल्या आवर्तनानंतर असे जोडपे थांबते, पुढच्या हंगामाची वाट पाहते. केंद्राच्या भाषेत ते ‘पुढे आले नाहीत’. गावातल्या भाषेत स्त्रीला काय म्हणतात ते लिहिण्याची आवश्यकता नाही.

म्हणून कर्मचाऱ्यांनाच दोष देऊन मोकळे होणे मला पटत नाही. त्यांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. अपयशाची बातमी सांगण्याचे काम पुष्कळ ठिकाणी शेवटी फोनजवळ बसलेल्या मुलीकडे येते. डॉक्टर शस्त्रक्रियेत असतात, समुपदेशक आठवड्यातून ठरावीक दिवशी येतो, आणि रक्ताचा अहवाल मात्र आज दुपारी हाती आलेला असतो. पलीकडून बाई विचारते, अहवाल आला का हो? एका विद्यार्थिनीने सांगितले की, असा फोन केल्यावर ती जेवणाचा डबा उघडत नाही. हे कसे सांगावे याचे शिक्षण तिला कोणी दिलेले नाही, आणि त्याबद्दल तिच्या पगारात काही मिळतही नाही. आर्ली हॉक्शिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानातील परिचारिकांचा अभ्यास करून दाखविले की, चेहऱ्यावर आपुलकी राखणे हेही श्रमच असतात आणि ते विकले जातात. आमच्या मुलींच्या बाबतीत ते फुकटात घेतले जातात, असे म्हणावे लागेल. आणि अशा श्रमांनी थकलेले माणूस स्वतःला सांभाळण्यासाठी काय करते? भिंतीवरच्या बाळांकडे पाहते. त्यात अप्रामाणिकपणा नाही, पण खरा हिशेबही नाही.

गंमत अशी की, सेवेत कोठे उणे आहे हे याच मुलींना सर्वाधिक ठाऊक असते. दर खेपेला डॉक्टर बदलतो म्हणून रुग्णाला तीच कहाणी पुन्हा सांगावी लागते, नावाचा पुकारा भर प्रतीक्षाकक्षात होतो, सुरुवातीला सांगितलेला खर्च आणि शेवटचे बिल यांत औषधांमुळे अंतर पडते, हे सारे त्यांनीच मला सांगितले. मात्र आधी एवढे मान्य करायला त्यांना बराच वेळ लागला; पहिला अर्धा तास सर्व काही उत्तम होते. मालकाने कधी विचारले का, असे विचारता त्या हसल्या. तेव्हा ‘आमची सेवा कशी आहे’ या प्रश्नाला कर्मचारी देतात ते उत्तर एक नसते, दोन असतात, आणि दुसरे कोणी थांबून ऐकले तरच बाहेर येते.

हे उपचार आपल्याकडे खाजगी दवाखान्यांत जन्मलेले नाहीत, याचे विस्मरण होऊ नये. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून जे बाळ जन्मले ते महानगरपालिकेच्या के. ई. एम. रुग्णालयात, आणि त्यामागे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्यासारख्या सरकारी संशोधन संस्थेतील वैज्ञानिकाचे काम होते. त्याही आधी ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली होती. त्यांची अवहेलना झाली, १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपविले, आणि त्यांचे श्रेय त्यांना जाहीरपणे दिले ते पुढे याच आनंदकुमारांनी. सार्वजनिक संस्थांनी उघडलेल्या या दारातून पुढे बाजार आत शिरला. पाळणा लांबविणे हेच शासनाचे काम, पाळणा हलविणे हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न, अशी आपली समजूत होती. आता राज्याचा एकूण जननदर २०१९-२१ च्या पाहणीत १.७ वर आलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले की, जगात साधारणतः दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हातरी वंध्यत्वाचा अनुभव येतो. शेजारच्या गोव्याने त्याच वर्षी आपल्या वैद्यकीय महाविद्यालयात हे उपचार मोफत देण्याचे ठरविले. एवढ्या मोठ्या प्रश्नाला खाजगी म्हणत राहणे आपल्याला परवडणारे नाही.

याच जिल्ह्यातील मुरूडच्या कर्वे घराण्यातील रघुनाथ धोंडो यांची येथे आठवण होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या कार्याची दिशा आपल्या विषयाच्या उलट होती, परंतु १९२७ पासून १९५३ पर्यंत चाललेल्या ‘समाजस्वास्थ्य’ने वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे जे सदर चालविले, ते मला या संदर्भात त्या केंद्राइतकेच मोलाचे वाटते. ज्या गोष्टी लोक डॉक्टरांपुढेही बोलत नसत त्या त्यांनी कर्व्यांना पत्राने विचारल्या. त्या उत्तरांपायी त्यांच्यावर खटला झाला आणि १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांच्या वतीने न्यायालयात उभे राहिले. समोर बसून जे बोलता येत नाही ते दूर राहून बोलता येते, ही ओळख त्या माणसाला शंभर वर्षांपूर्वी होती. आजच्या केंद्रांनी बिलाच्या टेबलावरची अभिप्रायपत्रिका बाजूला ठेवून ती करून घ्यायला हरकत नसावी.

करावयाचे ते फार खर्चाचे नाही. उपचार मध्येच थांबविलेल्या प्रत्येक जोडप्याकडे, त्यांची आधी संमती असेल तर, तीन महिन्यांनी केंद्राबाहेरच्या व्यक्तीने विचारणा करावी: का थांबलात, आम्ही कोठे कमी पडलो? नव्या कायद्याने राष्ट्रीय नोंदवही निर्माण केली आहे. तीत किती आवर्तने झाली, किती मुले जन्मली याबरोबर किती जोडपी मध्येच गेली आणि कोणत्या कारणाने, हाही रकाना असावा. अपयशाची बातमी कोणी, कशी सांगावी हे प्रत्येक केंद्राने लिहून ठरवावे आणि ती जबाबदारी स्वागतकक्षातील मुलीवर ढकलू नये. इंजेक्शनांसाठी तालुक्यातील एखाद्या दवाखान्याशी गोपनीयतेच्या अटीवर व्यवस्था लावून देणे कोणत्याही केंद्राला अशक्य नाही. यातील पहिली सूचना केंद्रचालकांना रुचणार नाही, हे मी जाणतो. ज्याची जाहिरात यशाच्या टक्केवारीवर चालते त्याला अपयशी माणसांच्या दारात जाऊन उभे राहणे आवडत नाही. परंतु सक्ती करावयाची असेल तर तेथेच करणे योग्य होय.

आमचे उपचार तिसऱ्या आवर्तनानंतर थांबले. तिसरा अहवाल फोनवरच मिळाला. आवाज तरुण होता, आणि वाक्य पुरे होण्याआधीच तो थरथरला हे मला आठवते. पुढे आम्ही गेलो नाही. का गेलो नाही हे त्या केंद्रातून आम्हांला कोणी विचारले नाही. नव्या सवलतींचे संदेश मात्र दोन वर्षे येत राहिले. साधारण वर्षभराने एका संध्याकाळी तेथील एका सिस्टरचा फोन आला, केंद्राच्या क्रमांकावरून नव्हे, तिच्या स्वतःच्या. तिने ती नोकरी सोडली होती आणि माझ्या पत्नीची तब्येत आता कशी आहे एवढेच तिला विचारायचे होते. दोघी पाऊण तास बोलल्या.